गीताबाईंचा पुरावा

१९९९ साल होतं. राहात्याच्या शुभांगीने स्वतः बनवलेला बैलगाडीचा गेम एका वेबसाइटवर टाकला होता. गेम आपला असल्याची कुणीतरी तक्रार केली आणि तो काढून टाकला गेला. तिने वेबसाइटच्या मुंबईतल्या साहेबांना फोन लावून विचारलं,

"गाडी उलटली की गेममध्ये एक बाई ओरडते. ती कोण?"

"तक्रार करणारा म्हणतो, स्टुडिओतली कलाकार."

शुभांगीने भाकरी थापणाऱ्या आईच्या कानाला रिसीव्हर लावला. "आई, गाडी उलटल्यावरचं बोल."

गीताबाई कडाडल्या, "रडतो काय? ऊठ, बैल धर, परत हाक!"

पलीकडे साहेब मोठ्याने हसले. "तोच आवाज! गेम आजच परत लावतो."

शुभांगीने आनंदाने फोन ठेवला, तर गीताबाई तिच्यावरच डाफरल्या.

"ठेवला कशाला? परत लाव! माझ्या लेकीनं केलाय, हे सांगायचं राह्यलंच की!"