काडीच्या माणसाचं नाक

खिडकीतून आत सरकलेली चिठ्ठी कारकुनाने उचलली आणि वर बघितलं, तर समोर नाचाचे मास्तर. त्याचं डोकंच फिरलं.

"पोटाच्या व्यायामाचा कागद हवाय," मास्तर म्हणाले. "मान दुखत असेल तर वेगळा असतो ना, तो." बोलताना ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"संध्याकाळी या."

माणूस नजर का चुकवतो, हे कळायला काही ज्योतिष लागत नाही. मास्तरांची पाठ वळेपर्यंत कारकून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला.

दवाखाना पाठीच्या आणि मानेच्या दुखण्यांचा. डॉक्टरीणबाई पेशंट तपासून चिठ्ठीवर व्यायाम लिहून देत, आणि त्यावरून चित्रांसकट कागद तयार करायचं काम बारा वर्षं याच्याकडे होतं. चिठ्ठीवर नाव नसे, नुसता नंबर. आपलं दुखणं चारचौघांत जावं असं कुणाला वाटतं? चित्रं म्हणजे काड्यांची माणसं, पण याच्या काडीच्या माणसाला टोकदार नाक असायचं. नाकावरून पेशंटला कळे, उताणं झोपायचं की पालथं. त्या नाकाचा त्याला भारी अभिमान होता. लग्नाच्या नवलाईत बायकोच्या शिलाई मशीनवर तो अशाच चित्रांच्या चिठ्ठ्या ठेवून कामावर निघे, आणि ती दिवसभर हसे.

आता ती त्याच मशीनवर मास्तरांच्या क्लासचे पोशाख शिवत होती. मापं घ्यायला म्हणून दुपारी तिकडे जात होती. आधी त्याने मनावर घेतलं नाही. पण गेल्या महिन्याभरात बाईसाहेबांचं सगळं तंत्रच बदललं. गळ्यात रेशमी रुमाल आला, तोही घरात, ऐन उकाड्यात. अंगाला अत्तर आलं, तेही इतकं की जेवताना याला शिंका याव्यात. आणि हा सकाळी निघाला की मागे वळून दाराकडे बघणारी त्याची बायको आता समोरच्या कापडावरून नजर हलवीना. हाक मारली तरी वळेना. ते त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

"रुमाल कुणी दिला?" त्याने एकदा विचारलंच.

"क्लासमधल्या मुलींनी. का हो?"

"सहज. ते पोशाखांचं काम सोडून दे."

"चांगलं चाललंय की."

"फार चांगलं चाललंय, दिसतंय मला. उद्या दुखलं-खुपलं तर मशीन भंगारात घालीन, सांगून ठेवतो."

तिचा चेहरा उतरला. मास्तरांकडे जाणं सुटेल या भीतीनेच उतरला, हे त्याने तिथल्या तिथे ताडलं.

त्याने चिठ्ठी वाचली. नंबर चारशे अठरा, तारीख गुरुवारची. गुरुवारी तो रजिस्टरं पोचवायला मोठ्या इस्पितळात जाई. मास्तरांनी तपासून घ्यायला नेमका तोच दिवस साधला होता.

खाली डॉक्टरीणबाईंचं गिचमिड अक्षर होतं. उताणं झोपून गुडघे वाकवणे. श्वास सोडत पोट आत घेणे, कंबर जमिनीला टेकवणे. दहा अंक मोठ्याने मोजणे, म्हणजे श्वास कोंडत नाही. मग एकेक टाच हळूच पुढे सरकवणे. डोकं अजिबात उचलायचं नाही. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

कारकुनाने कोरा कागद घेतला. काडीच्या माणसाचे पाय सरळ लांब केले. दोन्ही हात मानेमागे गुंफले. मान पुढे खेचून झटक्यात उठणारा माणूस काढला आणि शेजारी लिहिलं, पन्नास वेळा, सकाळ-संध्याकाळ. असं करू नका म्हणून बारा वर्षं तो लोकांना कानीकपाळी ओरडत आला होता. तळाला त्याने आणखी एक ओळ घातली. सुरुवातीला दुखेल, पण दुखलं तरी थांबू नये.

मग नाक काढलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच टोकदार, आणि कागद पाकिटात घालून ते चिकटवून टाकलं. संध्याकाळी मास्तर ते घेऊन गेले.

पुढचे नऊ दिवस त्याला अन्न गोड लागलं. मास्तर गळ्यात पट्टा घालून खिडकीशी येतील, तेव्हा आपण किती हळहळायचं, हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी न राहवून तो क्लासवरून चक्कर मारायला गेला. खिडकीतून बघतो तर मास्तर मुलींना गिरकी शिकवत होते. मान भिंगरीसारखी फिरत होती. कारकुनाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुखणं खोटंच होतं तर, नुसतं दवाखान्यात येऊन आपल्याला जोखायचं निमित्त. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तो तडक घरी निघाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज येत होता, धापा टाकणारा, मधेच कण्हणारा. त्याने दार ढकललं.

खोलीत ती एकटीच होती. अत्तर नव्हतं, बामाचा वास होता. रुमाल बाजूला पडला होता. ती जमिनीवर पाय लांब करून बसली होती, दोन्ही हात मानेमागे गुंफलेले. मशीनच्या पायाला एक कागद दोऱ्याने बांधला होता.

हाक न मारताच ती त्याच्याकडे वळली. मान न हलवता, सगळं अंग फिरवून.

"सापडले," ती ओशाळं हसली. "मशीन भंगारात घालाल म्हणून मानेचं दुखणं तुमच्यापासून लपवलं. कागदसुद्धा मास्तरांना आणायला लावला. चार दिवस झाले, हाताला नुसत्या मुंग्या येताहेत. पण थांबले नाही हं एक दिवस. पाकीट फोडलं आणि नाक बघूनच ओळखलं, हे तुम्ही काढलंय."