दोन्ही हात पाण्यात

उदबत्तीचा धूर समुद्री प्रवाळांच्या टाकीवर गेला, एवढंच निमित्त झालं. जयवंतनं बायकोचे केस धरले आणि तिचं डोकं टाकीच्या काचेवर आपटलं. सुनीतीच्या भुवईतून रक्ताची धार लागली. टाकी हादरली आणि त्याचा जीव की प्राण असलेलं जांभळं-हिरवं दगडी प्रवाळ खडकावरून सुटून तळाच्या वाळूत पडलं.

"अरे देवा!" तो कळवळला, पण प्रवाळासाठी. केस सोडून त्यानं घाईघाईनं पुट्टी मळली, कोपरापर्यंत दोन्ही हात खाऱ्या पाण्यात घातले आणि प्रवाळ खडकावर दाबून धरलं. "हे चिकटू दे, मग तुझ्याकडे बघतो."

चिकटायला दहा मिनिटं लागतात, हे सुनीतीला पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षी ते धरून उभं राहायचं काम तिच्याकडे होतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिचा हात जरासा हलला, म्हणून त्यानं तिची करंगळी मोडली होती. ती अजून वाकडीच होती.

तिनं ओढणी भुवईवर दाबली, झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेतलं आणि चपला पायात सरकवल्या. लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाचे दोन्ही हात गुंतले होते.

दारात ती क्षणभर थांबली. "हात हलवू नका हं," ती म्हणाली आणि तिनं बाहेरून कडी लावली.

आतून शिव्यांचा भडिमार सुरू झाला. पावलं मात्र वाजली नाहीत.