शून्याकडचं टोक

"मोजा! मोजून दाखवा!" परक्या देशातल्या भर रस्त्यात जावई ओरडला, आणि गणवेशातल्या माणसाने खरोखरच कमरेची टेप काढली.

माणूस पार्किंगचा दंड लावणारा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, चेहऱ्यावरची माशी न हलणारा. त्याचं म्हणणं, रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपासून पाच मीटर सोडायचे असतात, ते या गाडीने सोडलेले नाहीत. जावयाचं म्हणणं, पाच काय, चांगले सहा सोडलेत.

गाडी भाड्याची. तिला आधीच दोन दंड लागले होते. पहिला काचेत पावती लावली नाही म्हणून, दुसरा चाक फुटपाथवर चढलं म्हणून. आणि गाडी देणाऱ्या कंपनीच्या ज्या कागदावर जावयाने न वाचता सही ठोकली होती, त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: तिसरा दंड लागला की गाडी त्याच दिवशी जमा. गाडी गेली की उद्याचा बर्फाचा डोंगर गेला. तिथे ना बस जाते ना रेल्वे, आणि परवा परतीचं विमान. डोंगर सासूसाठी होता. "बाजार, म्युझियम तुम्ही बघा," पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं. "मला फक्त बर्फ दाखवा. एकतीस वर्षं डांबर बघितलंय."

सासू ट्रॅफिक हवालदार होती. गेल्याच वर्षी निवृत्त झालेली.

"आई, तुमच्याच खात्यातला दिसतोय," दंडवाला येताना बघून जावई हसत म्हणाला होता. "करा ना काहीतरी सेटिंग."

"सेटिंगवाले आमच्याकडे ढिगाने होते, जावईबापू. ते ऑफिसात बसले. मी चौकात उभी राहिले."

आता टेपचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. दंडवाला काहीतरी बोलला. जावयाच्या बायकोला ती भाषा बरी येत होती.

"पट्ट्याच्या कडेला कोणीतरी टोक धरा म्हणतोय. गाडी चालवणारा सोडून. दे, मी धरते."

"तू सर," सासू म्हणाली. "तुझा नवरा आहे तो."

"आणि तुझा जावई नाही का?"

"आहे ना. पण मला सवय आहे."

ती गुडघ्यांवर बसली. गुडघे वाजले. पट्ट्याच्या कडेची धूळ तिने तळहाताने झाडली, रंग नेमका कुठे संपतो ते बोटाने चाचपलं आणि टेपचं शून्याकडचं टोक अंगठ्याने तिथे दाबून धरलं. दंडवाला टेप सोडत गाडीच्या दिशेने निघाला. आता त्याची पाठ होती.

जावई बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने तिच्याशेजारी बसला.

"आई," तो ओठ न हलवता म्हणाला, "चार बोटं मागे घ्या. पांढऱ्यावर. तो बघत नाहीये."

सासूने अंगठा आणखी घट्ट दाबला.

"आई, बर्फ तुमचा जातोय. माझं काय जातंय?"

"कळतंय मला."

"मग?"

"मग तोंड बंद ठेवा. टेप हलते."

जावई त्या अंगठ्याकडे बघत राहिला. नख दाबून पांढरंफटक झालेलं. वारा टेप ओढत होता, अंगठा हलत नव्हता. सासू ट्रॅफिकमध्ये आहे म्हटल्यावर वरकमाईचं विचारूच नका, असं तो मित्रांत टाळी देऊन सांगायचा. तिच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पोटभर जेवून उठताना त्याला तोंडाला कुलूप घालावंसं कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. उंच कड्याखाली उभं राहून वर बघावं, तसं त्याला झालं. कडा केवढा, तर अंगठ्याएवढा.

दंडवाल्याने आकडा ओरडून सांगितला.

"चार मीटर त्र्याण्णव," बायको म्हणाली. "सात सेंटिमीटर कमी. ऊठ आई."

"लिहिला का त्याने? आधी लिहू दे म्हणावं."

त्याने लिहिला. मग स्वतःच चालत आला, पोट सांभाळत वाकला आणि अंगठा बघितला. नख आणि रंगाची कड, मध्ये केस शिरला नसता. त्याने सासूकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि चिठ्ठी फाडून पुढे केली.

जावयाने ती घेतली. भांडला नाही.

सासूने अंगठा उचलला. गुडघ्यावर हात रेटत उठली, रस्त्याकडे वळली आणि तशीच थबकली.

रस्ता थांबला होता. या बाजूला बस, तिच्यामागे ट्रक, त्यामागे मोटारी पार वळणापर्यंत. त्या बाजूलाही तेच. पट्ट्यांच्या तोंडाशी एक बाई खाली बसलीय, ती कधीतरी उठेल आणि पलीकडे जाईल, म्हणून सगळे उभे. एकाचाही हॉर्न नाही. बसचा ड्रायव्हर हनुवटीखाली हात घेऊन तिच्याकडे बघत होता.

"तुझ्यासाठी थांबलेत, आई," बायको हळूच म्हणाली.

"शिट्टी न मारता?"

सासूने पाठ ताठ केली. उजवा हात खांद्याच्या रेषेत उचलला, क्षणभर तसाच धरला, आणि मग पंजा वळवून अख्खा रस्ता सोडला.