फोनचा दिवा

"डायल टोन आहे," बाबांनी रिसीव्हर कानाला लावून पुन्हा एकदा जाहीर केलं.

"असणारच. पण तुम्ही असं सारखं उचलून बघत बसलात तर त्यांचा लागणार कसा?" आई मटार सोलता सोलता म्हणाली. "ठेवा तो. आणि स्टुलावर गप बसून राहा बघू."

बाबा स्टुलावर बसले. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग करून दिलेला माणूस, पण आज स्वतःच्या घरात हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

आईच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. कॅन्सर आहे की नाही, ते आज दवाखान्यातून फोनवर कळायचं होतं. तो शब्द घरात कुणी काढत नव्हतं. सगळे 'ते' म्हणत, नकोशा पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

आणि फोन वाजणार नव्हता. लेक तान्ह्या पिटुकलीला घेऊन राहायला आल्यापासून बाबांनी फोनची घंटी बंद करून टाकली होती आणि तिथून वायर ओढून स्वयंपाकघराच्या दारावर एक छोटा दिवा बसवला होता. फोन आला की दिवा उघडझाप करायचा, बाळाची झोप मोडायची नाही. शेजारपाजारच्यांना बोलावून बोलावून त्यांनी तो दाखवला होता. आईचा मोबाइल कायम कुठल्या तरी उशीखाली सापडायचा, म्हणून दवाखान्यात तिने घरचाच नंबर दिला होता.

त्यामुळे जेवणं झाल्यापासून तिघंही त्या दाराच्या वर बघत होती.

लेकीला नुसतं बसवत नव्हतं. सकाळपासून तिने बरण्या धुतल्या, फडताळं पुसली, पंख्याची पाती पुसली. आता शेगडीची बटणं काढून घासत होती.

"अगं, घर विकायला काढलंय का आपण?" आई म्हणाली.

"मीच लावू का त्यांना फोन?"

"नको. आम्ही करू म्हणालेत ना. ती सिस्टर आधीच फटकळ. मला म्हणते, मान हलवू नका, बोलू पण नका. बोलू नका! मला!"

"जमलं तिला?" बाबा म्हणाले. "मला तर इतक्या वर्षांत नाही जमलं."

आई हसली. मग हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "माझ्या आधी एक बाई होती. रिपोर्ट घ्यायला आलेली. तिचं 'ते' निघालं होतं. तिच्याशी मात्र इतकी हळू बोलली ती सिस्टर. खांद्यावर हात ठेवून, अगदी मऊ आवाजात. मला बघवेना."

शेंग फुटल्याचा आवाज तेवढा आला.

ऊन सरकत सरकत दारावर चढलं आणि दिवा लखकन चमकला. तिघंही अर्धवट उठली. नुसतं ऊन होतं. परत बसली.

"आज भलताच चकचकीत दिसतोय," बाबा म्हणाले.

"मी सकाळी पुसला ना."

"पुसला म्हणजे? काढून?"

"काढूनच. केवढी धूळ होती त्यावर, तुम्हाला काही..." लेकीचं वाक्य तिथेच राहिलं. हातातलं बटण तिने ओट्यावर ठेवलं.

बाबा स्टुलावर उभे राहिले. बोट लागताच दिवा डुगडुगला.

"सैल राहिलाय," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, की त्यापेक्षा ते ओरडले असते तर लेकीला बरं वाटलं असतं.

"म्हणजे फोन येऊन गेला असेल? बाबा, एवढा वेळ आपण नुसतंच..."

"असू दे गं," आई म्हणाली. पण तिची बोटं सोललेल्या शेंगेतच पुन्हा दाणे शोधत होती.

बाबांनी दिवा आवळायला घेतला. शेवटचा पीळ बसला आणि त्यांच्या मुठीतून उजेड बाहेर आला. विझला. पुन्हा आला. बोटांच्या कडा लालसर दिसल्या. हात काढायचं त्यांना सुचलंच नाही.

आई उठली. मांडीवरचं ताट कलंडलं, दाणे फरशीभर पळाले. तिने वळूनही पाहिलं नाही. फोनपाशी गेली, एकदा खाकरली आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो."

पुढचं सगळ्या घराला ऐकू आलं.

"अहो, आहात कुठे तुम्ही? मघापासून लावतेय, लावतेय, बोट दुखायला लागलं माझं! घरात माणसं राहतात की नाही? फोन काय शोभेला ठेवलाय? मला दुसरी कामं नाहीत का?"

आईने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. आतल्या खोलीत पिटुकली जागी होऊन कुरकुरायला लागली. लेक जागची हलली नाही. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. बाबा स्टुलावर तसेच उभे होते, हात वर, विझलेल्या दिव्यावर.

सिस्टर काही थांबायला तयार नव्हती. आईचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

"ओरडा, सिस्टर," ती म्हणाली. "अजून ओरडा. ऐकतेय मी."