रविवारी दुपारी, चमकी लावून

पडदा सरकला आणि कामगारांच्या क्लबातल्या गप्पा एकदम थांबल्या. मग मागच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "नॉर्मन, बायको घरी उघडीच बसलीय का रे? तिचा झगा तू घालून आलायस!"

हशा पिकला. ड्रमच्या मागे बसलेल्या नॉर्मन टिमिन्सने मान खाली घातली. अंगात गुलाबी साटीनचा सदरा, गालांवर रुपेरी चमकी. आवाज ओळखीचा होता. सिड ग्रोव्ह. इंग्लंडातल्या वॉल्सॉलच्या लोखंडाच्या फाउंड्रीत दोघं एकाच भट्टीवर, एकाच पाळीला. ते सगळं टेबलच भट्टीवरच्या कामगारांचं होतं.

चमकीचं खूळ ट्रेव्हरचं. तो बँडात गाणारा, नॉर्मनचा शाळेपासूनचा दोस्त. डोळ्यांभोवती हिरवा रंग फासून, वीतभर उंच टाचांच्या बुटांत तो पुढे उभा होता. पहिलं गाणं संपलं. एकही टाळी पडली नाही. ट्रेव्हरने भट्टीवाल्यांच्या टेबलाकडे बघून हवेत मुका फेकला.

"कशाला डिवचतोस त्यांना?" नॉर्मन मागून पुटपुटला. "उद्या सकाळी मला त्यांच्यातच जायचंय."

"तू वाजव," ट्रेव्हर मागे न बघता म्हणाला.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं असेल. सिड खुर्चीवर चढला. "नॉर्मन, त्याच्याशी लग्न लावलंस, का नुसताच ठेवलायस?"

नॉर्मनने काठ्या खाली टाकल्या. बाहीने गाल पुसला, तशी चमकी कपाळापर्यंत पसरली.

"आत्ता उतरलास तर पुन्हा चढू नकोस," ट्रेव्हर म्हणाला.

"चढतोय कोण!"

नॉर्मन स्टेजवरून खाली उतरला. उरलेल्या दोघा गिटारवाल्यांनी हात थांबवले. क्लबात शिट्ट्या घुमल्या.

"आलास बाबा माणसांत!" सिडने खुर्ची पुढे ढकलली. दारूचा वास मारणारं फडकं घेऊन त्याने नॉर्मनचं तोंड खसाखसा घासलं, करपलेलं पातेलं घासावं तसं. मग बिअरचा भरलेला ग्लास त्याच्या हातात कोंबला. "हा प्यायचा नाही. त्याच्या थोबाडावर फेकायचा."

नॉर्मनने टेबलाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. सगळे वाट बघत होते.

त्याने फेकला.

बिअर ट्रेव्हरच्या तोंडावर बसली. डोळ्यांचा हिरवा रंग ओघळून हनुवटीवर आला. त्याने तो पुसला नाही. "पुढचं गाणं," तो म्हणाला, "ज्याचा नेम चांगला आहे, त्याच्यासाठी." आणि ड्रमशिवायच गायला लागला.

"अजून गातोय!" सिड उसळला. "हाकला रे त्याला!" लोखंडी नाल ठोकलेला बूट त्याने लाकडी जमिनीवर आपटला. त्याच्या सगळ्या टेबलाने आपटला. शेजारच्या टेबलाने आपटला. बघता बघता सगळा क्लब पाय आपटू लागला. धाड. धाड. धाड. टेबलांवरचे ग्लास नाचायला लागले. ट्रेव्हरचा आवाज त्यात बुडाला.

तो थांबला. मान तिरकी करून त्याने क्षणभर ऐकलं. मग मागच्या दोघांना खूण केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून उचललं. या वेळी संथ, जड, बरोबर त्या आपटण्यावर. गिटारी त्यावर येऊन बसल्या. ते गाणं आजवर इतकं दणकट कधी वाजलं नव्हतं. बारपाशी उभ्या बायकांचे खांदे हलायला लागले.

काय होतंय ते सगळ्यांत आधी कळलं नॉर्मनला.

"अरे थांबा!" तो सिडच्या कानात ओरडला. "पाय थांबवा! ताल देताय तुम्ही त्याला!"

सिडला काही ऐकू गेलं नाही. त्याचा चेहरा संतापाने लालबुंद झाला होता. त्याने नॉर्मनच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"बघत काय बसलास? तूही आपट!"