विस्थापन शून्य

आत्याकडे जाताना बाबांनी गाडीतच विज्ञानाचा तास मांडला. गाडीचा मीटर अंतर सांगायचा, मांडीवरचं होकायंत्र दिशा, आणि लेक वाफ धरलेल्या काचेवर बोटानं बाण काढायची, एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी. शेवटचा बाण नेमका पहिल्याच्या शेपटीला टेकला. "बाबा, विस्थापन शून्य येतंय!" "अगं शहाणे, शून्य म्हणजे निघालो तिथंच पोचलो! चुकलंय तुझं कुठंतरी," बाबा हसले. "हे वळण संपलं की आत्याचं घर." वळण संपलं. समोर त्यांचंच घर होतं. फाटकात त्यांच्यासारखीच गाडी उभी, तिच्या काचेवरही तेच बाण. बाबांनी हॉर्न दाबला. आई दारात आली, दोघांकडे परक्यासारखं पाहत राहिली आणि आत वळून म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा ना!" सवयीनं बाबा गाडीतूनच म्हणाले, "आलो." त्याच क्षणी घरातूनही त्यांच्याच आवाजात उत्तर आलं, "आलो."