वाचेल त्यालाच

ऑनलाइन खेळात ती नवखी होती. टोळीत तिचं काम एकच, लढणाऱ्यांना औषध देणं. आजही ती कोसळलेल्या तिरंदाजालाच औषध पाजत बसली आणि तेवढ्यात राक्षसाने सगळ्यांना लोळवलं. पाचव्यांदा!

हेडफोनमधून टोळीचा म्होरक्या खेकसला, "अहो ताई, औषध काय झाडाला लागलंय? जो वाचणार नाही त्याला सोडायचं आणि वाचेल त्याच्याकडे धावायचं. काळजावर दगड ठेवा जरा. येईल हळूहळू."

"येतं मला ते," ती म्हणाली. अंगावरचा नर्सचा गणवेशही तिने अजून बदलला नव्हता. "आजच वॉर्डात तिघांना तसं सोडून आलेय. इथेही तेच करायचं असेल, तर खेळू कशाला?"